प्रकल्पाला हो म्हणायचं की नाही? विकास आणि पर्यावरण यांच्यामधल्या चार वाटांची तुलना

समोर प्रकल्पाची फाइल आहे आणि हात वर करायचा आहे. तुम्ही निवडून गेलेले सदस्य असाल, कंपनीच्या संचालक मंडळावर असाल, जनसुनावणीला आलेले असाल किंवा नुसते मतदार असाल, पेच सारखाच. एका बाजूला रोजगाराचा आकडा, दुसऱ्या बाजूला नदी, जंगल, हवा. दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात आणि दोघांचंही थोडं थोडं पटतं. मग कुणीतरी ज्येष्ठ माणूस म्हणतो, "समतोल साधा." सल्ला चुकीचा नाही, पण त्याने काम होत नाही. तराजूत काय घालायचं, कुणी घालायचं आणि काटा कुणी वाचायचा, हे तो सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ मध्ये दिलेली शाश्वत विकासाची व्याख्याही तशीच: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवा. मान सगळेच डोलावतात. सही करताना मात्र हात अडतोच.

जगाने या पेचातून काढलेल्या वाटा ढोबळमानाने चार: आधी वाढ आणि मग सफाई, कायद्याने बंदी किंवा मर्यादा, प्रदूषणाला किंमत लावणं, आणि निसर्ग राखणाऱ्याला पैसे देणं. यांतली सर्वांत चांगली कुठली, असं विचारलंत तर मी उत्तर देणार नाही. आधी समोरचं नुकसान कोणत्या जातीचं आहे ते सांगा. काही नुकसान धुतलं जातं: धूर, सांडपाणी. काही साचतं: पारा, शिसं. आणि काही परत येतच नाही. माझा अनुभव असा की वादात दोन्ही बाजू या तिन्हींची खिचडी करतात आणि मग भांडण मिटत नाही.

आधी पोटोबा, मग विठोबा

या वाटेची टिंगल करणं सोपं आहे, म्हणून तिची बाजू आधी नीट मांडतो. १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे गेलेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी. त्यांनी विचारलं, दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का? (हा प्रश्न पुढे 'गरिबी हाच सर्वांत मोठा प्रदूषक' असा छाटून फिरत राहिला. मूळ भाषणात श्रीमंत देशांच्या उधळपट्टीवरही टीका होती, ती सोयीस्करपणे गळाली.) ज्याच्या घरात दिवा नाही त्याला धुराड्याचं भय सांगू नये, हे म्हणणं आजही खोडता येत नाही.

या वाटेला अर्थशास्त्राचाही आधार मिळाला. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर या दोघा अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या हवेच्या नोंदी उत्पन्नाशेजारी मांडल्या. उत्पन्न वाढतं तसा गंधकाचा धूर आधी वाढतो आणि एका टप्प्यानंतर उतरतो, असं त्यांना दिसलं. अर्थतज्ज्ञ कुझनेट्स यांच्या नावाने ओळखला जाणारा तो उलट्या वाडग्यासारखा वक्र तेव्हापासून सादरीकरणांत हमखास भेटतो.

लंडन हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेपर्यंत शहरावर धूर आणि धुक्याचं झाकण बसलं. बससमोर माणूस कंदील घेऊन चालायचा. नाट्यगृहात धुकं शिरलं, प्रेक्षकांना रंगमंच दिसेना आणि प्रयोग थांबवावा लागला. युद्धानंतरच्या तंगीत चांगला कोळसा परदेशी चलनासाठी निर्यात व्हायचा आणि घरच्या शेगड्यांत हलका चुरा जायचा. म्हणजे 'आधी वाढ'चा हिशेब थेट लोकांच्या फुप्फुसांत लिहिला जात होता. बळी सुरुवातीला सुमारे ४,००० धरले गेले, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, थेम्स नदी जैविकदृष्ट्या मेल्याचं जाहीर झालं होतं. सांडपाण्याची केंद्रं सुधारली आणि १९७४ मध्ये तिथे सॅमन मासा पुन्हा सापडला. आज थेम्समध्ये शंभराहून अधिक जातींचे मासे आहेत.

तर ही वाट चालते. पण लंडनमध्ये ती का चालली ते पाहा. धूर दररोज नवा निघतो आणि वाऱ्याने जातो. शेगडी बदलली की आकाश उघडतं. सांडपाण्याचंही तेच. शिवाय दोन गोष्टी त्या वक्रात दिसत नाहीत. श्रीमंत देशांची हवा सुधारली त्यात काही वाटा धुराडी दुसऱ्या देशांत गेल्याचा होता. आणि कार्बन डायऑक्साइडचा वक्र उत्पन्न वाढलं म्हणून आपोआप खाली वळला नाही, कारण त्याचा त्रास शेजाऱ्याला आजच्या आज होत नाही.

आता मिनामाता. जपानमधल्या या किनारी गावात रासायनिक कारखाना आपलं पारामिश्रित पाणी खाडीत सोडायचा. आधी मासे खाणारी मांजरं झिंगल्यासारखी फिरू लागली, मग माणसं. १ मे १९५६ हा या रोगाच्या अधिकृत नोंदीचा दिवस. १९५९ मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरने मांजराला कारखान्याचं सांडपाणी खाऊ घालून रोग सिद्ध केला. निष्कर्ष दडपला गेला. त्याच डिसेंबरात कंपनीने थाटामाटात शुद्धीकरण यंत्र बसवलं आणि अध्यक्षांनी त्यातलं म्हणून पेलाभर पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवलं. ज्या विभागातून पारा निघत होता त्याचं पाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं. विसर्ग थांबला १९६८ मध्ये. तोवर बारा वर्षं गेली होती. मग खाडीच्या तळाचा गाळ उपसायला आणि गाडायला १९९० साल उजाडलं, आणि खाडीच्या तोंडाशी मासे अडवायला लावलेली जाळी निघाली १९९७ मध्ये.

लंडन आणि मिनामाता यांत सरकारं सारखीच ढिली होती. फरक पदार्थाचा होता. धूर उडून गेला, पारा बसून राहिला. फाइल उघडल्यावर माझं बोट पहिल्यांदा इथे थांबतं: यातून निघणारं काय आहे, आणि ते कुठे जाऊन बसतं?

तिसऱ्या जातीच्या नुकसानीला सफाई हा शब्दच लागू पडत नाही. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाची पकड १९६८ मध्ये आठ लाख टनांवर गेली होती. १९९२ मध्ये कॅनडाला मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झाली होती. ती उठली २०२४ मध्ये. बैल गेला नि झोपा केला. इथे रोजगार आणि निसर्ग असे दोन पक्ष नव्हतेच, हेही लक्षात घ्या. मासा गेला आणि नोकरी गेली, एकाच दिवशी.

मध्य आशियातल्या अरल समुद्राचं चित्र तर उपग्रहातूनही दिसतं. १९६० मध्ये तो जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव होता. कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या वळवल्या आणि तलाव आटला. मोयनाक बंदरातल्या बोटी वाळूत रुतून बसल्या. कझाकस्तानने २००५ मध्ये बंधारा घालून उत्तरेकडचा तुकडा वाचवला, तिथे मासे परतले. दक्षिणेचा बहुतेक भाग गेला तो गेलाच.

बंदी आणि मर्यादा

बंदीची सर्वांत चमकदार कामगिरी आकाशात आहे. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये धोका सांगितला: शीतकपाटं आणि फवाऱ्यांमधले क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची झीज नोंदीत सापडली आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांतल्या प्रत्येक देशाने त्याला मान्यता दिली. अशी उदाहरणं फार थोडी.

पण 'माँट्रियल जमलं, मग हे का जमत नाही?' हा प्रश्न विचारण्याआधी थांबा. ते रसायन बनवणारे कारखाने मोजके होते. पर्यायी रसायन आवाक्यात होतं. गरीब देशांना बदलाचा खर्च देण्यासाठी १९९० मध्ये स्वतंत्र निधी उभा राहिला. आणि कराराबाहेर राहणाऱ्याशी त्या मालाचा व्यापार बंद होता, म्हणजे फुकट्यालाही किंमत मोजावी लागणार होती. या चारांपैकी दोन गोष्टी जरी नसत्या तरी हा करार कपाटात पडून राहिला असता, असं मला वाटतं.

शिशाच्या पेट्रोलची गोष्ट जवळच ठेवून बघा. १९२० च्या दशकात सुरू झालेलं हे मिश्रण मेंदूला, विशेषतः मुलांच्या मेंदूला, घातक असल्याचं कळूनही अनेक दशकं चाललं. शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, त्याची पंपावरची विक्री २०२१ मध्ये थांबवली. बंदी अखेर यशस्वी झाली, पण देश एकेक करून आले. जागतिक घाई कुणाला नव्हती.

बंदीचं दुखणं अंमलबजावणीत आहे. मर्यादा कितीही कडक छापा, मोजणारा नसेल तर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. धूर मोजणारं यंत्र कुणाच्या ताब्यात, नमुना कोण घेतो, तो येणार हे कारखान्याला आधी कळतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर कडक नियम ढिल्या नियमापेक्षा वाईट. तो खोटा धीर देतो.

किंमत लावणं: कर की परवाने?

इथे दोन उपवाटा आहेत आणि त्यांत लोक फार गोंधळतात. कर लावला की किंमत ठरलेली असते. प्रदूषण किती घटेल याचा अंदाज असतो. परवान्यांच्या बाजारात उलट: एकूण प्रदूषणाची कमाल मर्यादा ठरलेली असते, भाव बाजार ठरवतो. तुम्हाला कोणती अनिश्चितता सोसवते, त्यावर निवड.

स्वीडनने १९९१ मध्ये कार्बनवर कर बसवला, त्याच वेळी उत्पन्नावरचे कर उतरवले, आणि उद्योगांना सुरुवातीला सवलतीचा दर दिला. कर टप्प्याटप्प्याने चढत गेला. पुढच्या तीन दशकांत देशाचं उत्सर्जन चौथाईहून अधिक घटलं आणि अर्थव्यवस्था दीडपटीहून मोठी झाली. 'पर्यावरण की वाढ' हा प्रश्न जिथे खोटा ठरला, अशा जागांपैकी ही एक. फ्रान्सने २०१८ मध्ये इंधनावरचा कर वाढवायचं ठरवलं, तेव्हा पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकांत उतरले आणि सरकारला नियोजित वाढ मागे घ्यावी लागली. शहराबाहेर राहणारा, ज्याला गाडीशिवाय कामावर जाताच येत नाही, तो हा कर भरणार होता आणि बदल्यात त्याच्या हाती काही पडत नव्हतं. स्वीडनची नुसती दरसूची उचलून हे जमत नाही. कराचा पैसा कुणाच्या खिशात परत जातो, हे कराच्या दराइतकंच महत्त्वाचं.

परवान्यांचं नामांकित उदाहरण अमेरिकेतलं. आम्लवर्षा रोखण्यासाठी १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या गंधक डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली आणि १९९५ पासून परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. ज्याला स्वस्तात धूर कमी करता येतो त्याने जास्त करायचा आणि उरलेले परवाने विकायचे. खर्च उद्योगांनी वर्तवलेल्या भयंकर आकड्यांपेक्षा बराच कमी आला. (प्रकल्पाचा फायदा आणि नियमाचा खर्च, दोन्ही आकडे बहुधा एकाच टेबलावरून येतात. दोन्ही फुगलेले असतात, असं धरून चालावं.) युरोपच्या कार्बन बाजाराने २००५ मध्ये सुरुवात करताना मात्र परवाने इतक्या सढळ हाताने वाटले की २००७ मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला.

दोन्ही उपवाटांची एक मोठी मर्यादा आहे. बाजाराला पत्ता नसतो. एकूण धूर घटला तरी एका वस्तीशेजारचा कारखाना परवाने विकत घेऊन पूर्वीइतकाच धूर सोडू शकतो. कार्बन कुठूनही निघाला तरी परिणाम सारखा, म्हणून तिथे किंमत चालते. पारा, शिसं, विषारी गाळ यांना किंमत लावायची नसते, त्यांना थांबवायचं असतं.

राखणाऱ्याला पैसे

कोस्टा रिकाने १९९६ मध्ये वनकायदा केला आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली. त्यासाठी इंधनावरच्या कराचा एक हिस्सा बाजूला काढला. १९८० च्या दशकात देशातलं जंगल पाव हिश्शाच्या आसपास उरलं होतं, आज ते निम्म्यावर आहे. ही कथा परिषदांत फार आवडीने सांगतात आणि दोन तपशील गाळतात. एक, जंगल परतायला सुरुवात आधीच झाली होती, कारण गोमांसाचे भाव पडल्याने कुरणं तोट्यात गेली होती. दोन, त्याच कायद्याने जंगलाची शेतजमीन करायला बंदीही घातली होती. पैशाने बंदी गिळायला सोपी केली. एकट्या पैशाने हे झालं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

न्यूयॉर्क शहराचा व्यवहार त्याहून रोकडा. पिण्याचं पाणी गाळायला प्रचंड केंद्र बांधावं लागणार होतं, अंदाज अब्जावधी डॉलरचा. शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला: तुम्ही पाणलोट जपा, शेतखत आणि सांडपाणी ओढ्यात जाऊ देऊ नका, खर्च आम्ही देतो. केंद्रापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं. इथे पैसे देणारा आणि लाभ घेणारा एकच होता, म्हणून गाडी सुरळीत चालली.

जिथे ते दोघे वेगळे असतात तिथे काय होतं, ते इक्वेडोरने पाहिलं. यासुनीच्या जंगलाखाली तेल होतं. २००७ मध्ये तिथल्या सरकारने जगासमोर प्रस्ताव ठेवला: तेल जमिनीतच ठेवतो, आमच्या बुडणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा भाग, सुमारे ३.६ अब्ज डॉलर, तुम्ही द्या. प्रत्यक्षात जमा झाले सुमारे १.३ कोटी. २०१३ मध्ये प्रस्ताव गुंडाळला आणि पुढे विहिरी खोदल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झालं आणि जवळपास ५९ टक्के मतदारांनी तेल जमिनीत राहू द्या म्हणून कौल दिला. टाळ्या वाजवणारे देश खिशात हात घालत नाहीत आणि नुकसान सोसणारे मतदार मात्र तयार होतात, हा निकाल मला अजून नीट पचलेला नाही.

फाइलमधली एक ओळ

चारही वाटांच्या हिशेबात एक आकडा लपलेला असतो. त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही: भविष्यातल्या नुकसानीला आजच्या किमतीत आणताना धरलेला वार्षिक वटाव. शंभर वर्षांनंतर १०० चं नुकसान होणार आहे असं धरा. वटाव ५ टक्के धरला तर आजच्या हिशेबात ते पाऊणच भरतं, म्हणजे एकसुद्धा नाही. १.४ टक्के धरला तर तेच नुकसान आज २५ भरतं. तलाव तोच, आटणार तेवढाच; फक्त दर बदलला आणि नुकसान तेहतीसपट झालं. हवामानबदलावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालाने साधारण १.४ टक्के दर धरला म्हणून घाईने पावलं उचला असा निष्कर्ष निघाला. नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी तो दर फारच कमी आहे म्हणून टीका केली. दोघेही गणितात चुकलेले नव्हते. नातवाचं दुःख आज किती मोजायचं, यावर त्यांचं जमत नव्हतं, आणि ते ठरवायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मग निवड कशी करायची?

निघणारी गोष्ट धुतली जाणारी असेल, लोक खरोखर गरजेत असतील आणि सफाईचा पैसा आजच बाजूला निघत असेल, तर मी वाढीला हो म्हणेन. पैसा 'पुढे बघू' असेल तर नाही. साचणारं विष असेल तर मर्यादा किंवा बंदी. तिथे रोजगाराचा आकडा कितीही मोठा असो, मिनामाताच्या खाडीचा हिशेब त्याशेजारी मांडावा. हजारो लहान स्रोतांतून येणारं, कुठूनही आलं तरी सारखंच नडणारं प्रदूषण असेल तर किंमत, आणि त्या पैशाची परतफेड कुणाला हे त्याच ठरावात. परत न येणारं काही असेल तर राखणाऱ्याला पैसे, पण देणारा लाभार्थी असेल तरच. नसेल तर सरळ हात लावू नये.

प्रत्यक्षात प्रकल्प यांपैकी एकाच खणात बसत नाहीत. खाणीतून धूळही निघते, विषारी गाळही आणि एखादा झराही कायमचा जातो. मग सर्वांत वाईट जातीच्या नुकसानीने निर्णय ठरवावा, सरासरीने नाही.

पर्यावरण परिणामांच्या अहवालात पर्यायांचं प्रकरण असतं. अमेरिकेने १९७० मध्ये ही पद्धत कायद्यात आणली आणि पुढे त्यात 'काहीच न करणं' हाही एक पर्याय म्हणून तपासायचा नियम झाला. मी अशा अहवालात आधी तेच प्रकरण काढतो. जाडजूड अहवालात त्याला दीड पान मिळालं असेल, तर निर्णय आधी झाला आणि अभ्यास नंतर बेतला, असं समजायला हरकत नाही.

आणि खाणीची फाइल असेल तर शेवटची पानं उलटा. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यानुसार उघड्या कोळसा खाणीला परवाना मिळण्यापूर्वी जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाची हमी जमा करावी लागते. काम पूर्ण झालं की ती सुटते. तशी ठेव तुमच्या फाइलमध्ये आहे का ते पाहा. असेल तर रक्कम कुणी ठरवली, ती कुणाच्या नावावर आहे, आणि अर्ध्यात कंपनी विकली गेली तर ठेव खाणीबरोबर राहते की विकणाऱ्याबरोबर जाते, एवढं विचारून मगच हात वर करा.